शून्याचं पाणी

थेंब पट्टीच्या तोंडाशी सोडून श्यामसुंदर गुप्त्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. आकडा यायला नव्वद सेकंदं लागत. तेवढा वेळ फुकट कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी उजव्या हाताच्या बोटांवर मिळकत मोजायला घेतली. मंगळवारी मंजुरी समितीची सही झाली की दोनशे वस्त्यांत पाणी तपासायला जाणाऱ्या यंत्रावर ‘गुप्ते’ हे नाव येणार, ही झाली करंगळी. साठी उलटल्यावरही पाच वर्षं प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच खिशात राहणार. जिन्याजवळची गाडी लावायची जागा, जिच्यावर उपप्राचार्यांचा डोळा होता, ती जाणार नाही. हे मधलं बोट, आणि खरं सांगायचं तर ते दुमडताना सरांना सगळ्यांत जास्त आनंद झाला. तर्जनी त्यांनी मेव्हण्यासाठी राखून ठेवली होती. सुबोध एकोणतीस भाऊबिजा पाटावर बसल्या बसल्या "मग, फिजिक्समध्ये पुढे काय?" असं विचारत आला होता. यंदा त्याला दुसरा प्रश्न शोधावा लागणार होता.

अंगठा मोकळा राहिला. त्यावर काय घ्यावं याचा विचार चालू असतानाच आकडा आला.

उणे तेरा.

सरांनी चष्मा पुसला. पाण्यात शिसं किती आहे ते त्यांचं यंत्र सांगत असे. एक अब्ज भागांत दहापर्यंत चालतं, त्यावर चालत नाही. पण शून्याहून कमी शिसं पाण्यात असू शकत नाही, जशी वाण्याच्या डब्यात उणे पाव किलो साखर असू शकत नाही. त्यांनी पट्टी बदलली. पुन्हा उणे तेरा. तिसऱ्या पट्टीने उणे बारा दाखवलं आणि मग, जणू चूक सुधारावी तसं, उणे तेरा.

शुक्रवार होता. प्रयोगशाळेचा अटेंडंट दशरथ घाडी रजेवर होता. रविवारी त्याच्या सुनेचं डोहाळजेवण, त्याच्या तयारीची रजा. त्यामुळे दहाच्या ठोक्याला टेबलाशेजारी जो पांढरा कॅन भरलेला असायचा, तो आज रिकामा होता, आणि सरांनी रसायनशास्त्र विभागातून अतिशुद्ध पाण्याची सीलबंद बाटली मागून आणली होती. आजचा थेंब त्या बाटलीतला. एवढाच काय तो फरक. यंत्राची रीत साधी होती. आधी त्याला शुद्ध पाणी पाजायचं आणि सांगायचं, बाबा, हे शून्य. मग नमुना द्यायचा. विभागात त्या पाण्याला सगळे शून्याचं पाणी म्हणत. आज शून्य कालचंच लावलेलं होतं, कॅनमधल्या पाण्याचं. आणि त्या शून्याच्या हिशेबाने खरोखरीचं शुद्ध पाणी तेरा पायऱ्या खाली उतरलं होतं.

सर उठून कोपऱ्यातल्या डिस्टिलेशनच्या यंत्रापाशी गेले. कॅनमधलं पाणी तिथून यायचं. काचेच्या नळीच्या टोकाशी, जिथून थेंब गळायला हवा, तिथे कोळ्याचं जाळं होतं. एका दिवसाचं नव्हतं. त्यात एक माशी होती, तीही वाळून हलकी झालेली.

त्यांनी खाली बसायला स्टूल शोधलं.

एकतीस वर्षं. पहिली दहा दुधात गेली. आरेच्या तबेल्यांत बसने जाऊन ते दुधातली भेसळ ओळखणारा सेन्सर लावत. साय नळ्यांत अडकायची आणि यंत्र म्हशीलाच भेसळ ठरवायचं. पुढची आठ माहुलला, हवेतले वायू मोजण्यात. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने तारा गंजल्या. सहकाऱ्यांनी त्यांचं नाव ‘सेन्सॉर बोर्ड’ ठेवलं होतं. मग ही पट्टी आली. सिमकार्डाएवढी, पारदर्शक, आत केसापेक्षा बारीक पाट. पाण्याचा एक थेंब त्या पाटांतून आपला आपण धावतो, सोन्याच्या टोकाला भिडतो आणि शिसं असेल तर बोलून दाखवतो. ती चालली. पहिल्यांदाच काहीतरी चाललं. म्हणून तर त्यांनी ती बाहेरून कुणाकडून तपासून घेतली नाही. चालतं मूल शेजाऱ्याच्या हातात कोण देतो?

त्यांनी दशरथला फोन लावला. पलीकडे बायकांचे आवाज होते, कुकरची शिट्टी होती.

"दशरथ, डिस्टिलेशन बंद आहे का रे?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"हीटर जळलाय सर. अकरा महिने झाले, मागच्या दिवाळीच्या आधीच."

"मग कॅन?"

"स्टाफरूमच्या फिल्टरचा भरतो."

पुढचं दशरथने स्वतःहूनच सांगितलं, रागे भरण्याआधी सगळं ओकून मोकळं व्हावं तसं. नव्या हीटरसाठी त्याने तीनदा मागणीची चिठ्ठी दिली होती. जुना बाद केल्याची नोंद झाल्याशिवाय नवा मिळत नाही, आणि त्या नोंदीवर विभागप्रमुखांची, म्हणजे सरांचीच, सही लागते. तिन्ही वेळा सर म्हणाले होते, दहाला कॅन भरलेला पाहिजे, मला कारणं नकोत. म्हणून कॅन दहाला भरलेला असे.

"फिल्टरचं पाणी सगळे सर लोक पितात," दशरथ म्हणाला. "म्हटलं, याच्याहून शुद्ध आणखी काय असायचं?"

सरांनी फोन ठेवला. सीलबंद बाटलीचं शून्य लावून त्यांनी स्टाफरूमच्या फिल्टरचं पाणी तपासलं. जुनी इमारत, जुने पाइप, पितळी तोटी. तेरा. इतकी वर्षं ते स्वतः त्यातले रोज दोन पेले पीत होते. यापुढे बाटली घरून भरून आणायची, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं, आणि ते कुणाला सांगायचं नाही, हे त्याच क्षणी आपोआप ठरलं. परत जाताना उपप्राचार्य फिल्टरखाली पेला धरून उभे होते. सर त्यांच्याकडे बघून हसले.

खुर्चीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, फिल्टर हा हिशेबाचा लहान भाग होता. मोठा भाग घाटकोपरच्या टेकडीवर होता. तिथल्या वरच्या आळीत दशरथ राहत असे. यंत्राची पहिली चाचणी आपल्या वस्तीच्या बोअरवेलवर व्हावी म्हणून त्यानेच सरांचा पिच्छा पुरवला होता; चोवीस वर्षांत त्याने मागितलेली ती पहिली गोष्ट. आठ महिन्यांपूर्वी बोअरवेलचं पाणी सहा आलं. दहाच्या आत. सरांनी तसं लिहून दिलं, वस्तीने टँकर बंद केला, आणि शंभर घरं ते पाणी पिऊ लागली.

सहा आणि तेरा. बेरीज करायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. मार्चमध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने, गार्गीने, एक विकतचं शुद्ध पाणी तपासलं होतं आणि वही घेऊन आली होती. सर, हे निगेटिव्ह येतंय. सरांनी तिला समजावलं की नव्या यंत्रांत असं होतं, ती ओळ काढून टाक. तिने काढली. आता ती परदेशात होती. पण वही प्रयोगशाळेतच होती, आणि खोडलेली ओळ ही न लिहिलेल्या ओळीपेक्षा जास्त वाचली जाते, हे सरांना परीक्षकाच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी वही कपाटात घातली. कुलूप लावलं. पुन्हा उघडून बघितलं, लागलंय का.

घरी, मुलुंडला, ते शनिवारभर फोन वाजला की उठून दुसऱ्या खोलीत जात होते. त्यांच्या पत्नीला, माणिकताईंना, वाटलं, समितीचं टेन्शन असेल. त्यांनी दही-साखर मंगळवारसाठी लक्षात ठेवली. सरांनी तोवर आपल्यापुरता मार्ग काढला होता. मंगळवारी सही होऊ द्यायची. मग दोन महिन्यांत सुधारित यंत्र आणायचं, नवं शून्य लावायचं, आणि बोअरवेलची फेरतपासणी जाहीर करायची. एकोणीस म्हणजे काही विष नव्हे. दोन महिन्यांत असं काय होतं?

पण त्यांनी स्वतःच लिहिलेल्या शोधनिबंधाचं पहिलं वाक्य असं होतं, की शिशाची सर्वांत जास्त झळ पोटातल्या मुलाला लागते. पहिलं वाक्य ते नेहमी दुसऱ्यांचं वाचून लिहीत. या खेपेला ते त्यांच्याकडेच परत आलं होतं.

रविवारी दुपारी ते वरच्या आळीत गेले. बोलावणं होतंच. शिवाय दशरथचं तोंड बंद करायचं होतं, आणि ते फोनवर करण्यासारखं काम नव्हतं. एकशे चाळीस पायऱ्या. अर्ध्यावर बोअरवेल लागली. पंपाच्या वर पत्र्याची नवी पाटी होती, निळ्या अक्षरांत: ‘पाणी शुद्ध आहे. प्रा. श्यामसुंदर गुप्ते यांच्या यंत्राने तपासलेले.’ खाली एका बाईची कळशी भरत होती. सरांनी मान खाली घातली आणि उरलेल्या सत्तर पायऱ्या एका दमात चढले.

दशरथच्या दारात पोहोचले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. खोलीत फुलांची वाडी गुंफणं चालू होतं. दशरथचा मुलगा निलेश खुर्ची पुसून देत म्हणाला की पाटी बघितली का सर, मीच रंगवली. सर म्हणाले, छान आहे. सून, दिशा, सातव्या महिन्याची, हिरवी साडी नेसून भिंतीला टेकून बसली होती. ती उठू लागली.

"गो, बस तू," दशरथची बायको सुलक्षणा म्हणाली. "पाणी मी हाडतंय."

तांब्याचा पेला आला, काठोकाठ. सरांनी तो हातात घेतला. थंड होता. घशाला कोरड अशी पडली होती की जीभ टाळ्याला लागली की आवाज होत होता. पंख्याखाली सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. आपल्या पाण्याचा माणूस आपलं पाणी पिणार होता.

"आत्ताच प्यायलो," सर म्हणाले, आणि पेला स्टुलावर ठेवला.

"कुठे सर?" निलेश हसत म्हणाला. "पायऱ्यांवर?"

"ऱ्हवांदे," सुलक्षणा म्हणाली. पाहुण्याला आग्रह एकदाच, ही तिची रीत. उचललेलं पाणी वाया घालवायचं नाही, हीही तिचीच. तिने पेला उचलला आणि दिशाच्या हातात दिला. दिशा सकाळपासून उकाड्याने हैराण झाली होती. तिने मान मागे टाकून ते एका घोटात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या घोटात संपवलं.

सरांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून दोन बोटं वर उचलला गेला आणि तिथेच राहिला.

दशरथ दिशाकडे बघत नव्हता. तो सरांकडे बघत होता. चोवीस वर्षं काचेच्या नळ्यांमधली पातळी वाचताना तो असाच डोळे बारीक करून, श्वास धरून बघत आला होता.

निघताना सरांनी त्याला दाराबाहेर घेतलं. इकडे-तिकडे बघून ते म्हणाले,

"त्या हीटरचं कुणाला बोलू नकोस. मंगळवार होऊन जाऊ दे. मग मी बघतो."

"नाही बोलणार, सर."

"नक्की?"

"शब्द दिला ना."

उतरताना सरांना हलकं वाटायला हवं होतं. खाली रस्त्यावर त्यांनी बंद बाटली विकत घेतली, टपरीमागे जाऊन उभ्यानेच संपवली, आणि तरी कुणीतरी वरून बघतंय असं वाटून मागे वळून पाहिलं. टेकडीवर नुसते पत्रे चमकत होते.

मंगळवारी ते सव्वानऊलाच प्रयोगशाळेत आले. आत गेले आणि दारातच थांबले. कोपऱ्यातून बुडबुड्यांचा आवाज येत होता. डिस्टिलेशनच्या यंत्राच्या नळीवरचं जाळं गेलं होतं. काच लखलखीत होती, हीटर नवा, आणि टोकाशी एक थेंब फुगत होता, गळत होता, मागून दुसरा. दशरथ इस्त्रीचा गणवेश घालून पिपेट विसळत होता.

"हे कुणी केलं?"

"निलेशने काल बसवून दिला सर. बाजारात मिळाला."

टेबलाशेजारी कॅन भरलेला होता. त्याच्या पलीकडे, ठरल्याप्रमाणे, समितीसमोर तपासायच्या नमुन्याची बाटली. तिच्यावर दशरथच्या अक्षरात ‘वरची आळी’. महिन्यापूर्वी सरांनीच तो नमुना पक्का केला होता, कारण तो सहा येतो हे त्यांना माहीत होतं.

दशरथ काही कामाला बाहेर गेल्याचं बघून सरांनी कॅन बेसिनमध्ये उपडा केला. एकसष्टाव्या वर्षाकडे झुकलेला, दोन शाली आणि एक मानपत्र मिळवलेला माणूस बगलेत रिकामा कॅन मारून कॉरिडॉरमधून जवळजवळ धावत गेला. जे दशरथने न कळता अकरा महिने केलं, ते एकदाच कळून करायचं होतं. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. फिल्टरच्या तोटीला तार गुंडाळून पिळा घातलेला होता. वर कागद: ‘पाणी पिऊ नये. तपासायला दिले आहे.’ अक्षर ओळखीचं.

ते परतले तेव्हा दशरथ दारात उभा होता. त्याने सरांच्या हातातून कॅन घेतला, रिकामा आहे हे बघितलं, काही विचारलं नाही, आणि नळीखाली नेऊन ठेवला.

"अकरा वाजेपर्यंत पुरेल एवढं जमेल," तो म्हणाला.

पुरलं. समिती आली, चहा झाला, खुर्च्या सरकल्या. अध्यक्ष डॉ. ऋता सबनीस पुढच्या रांगेत वही उघडून बसल्या. सरांनी यंत्राला शून्याचं पाणी दिलं. मग नमुना. थेंब पाटांतून धावला. नव्वद सेकंदं. शुक्रवारी या वेळात चार बोटं मोजून झाली होती. आज एकही बोट दुमडलं गेलं नाही. सत्तर. ऐंशी.

पडद्यावर एकोणीस आलं.

डॉ. सबनीसांनी वहीतलं मागचं पान उघडलं. "अहवालात हे सहा आहे."

कुणीतरी खुर्ची हलवली. सरांना स्वतःचाच आवाज दुरून ऐकू आला.

"शून्याच्या पाण्यात गडबड झाली असणार. गेल्या शुक्रवारीच माझ्या लक्षात आलं. ते काम... ते काम अटेंडंटकडे असतं."

सगळ्या माना वळल्या. दशरथ भिंतीशी उभा होता. त्याच्या शर्टच्या खिशातून घडी घातलेले तीन पिवळे कागद डोकावत होते, मागणीच्या चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती. सरांनी त्या बघितल्या. दशरथने सरांना त्या बघताना बघितलं.

"कॅन तुम्ही भरता?" डॉ. सबनीसांनी विचारलं.

"होय. मीच."

"काही सांगायचंय?"

दशरथचा हात खिशापर्यंत गेला. त्याने खिशाचं बटण लावलं.

"नाही, मॅडम."

समिती गेली. दशरथने बीकर विसळले, फडक्यावर पालथे घातले. मग पाठमोराच म्हणाला,

"मी कुणाला बोललो नाही, सर."

समितीने आपल्या टिपणात प्रा. गुप्ते यांच्या प्रामाणिकपणाची खास दखल घेतली: स्वतःच्याच यंत्रातली त्रुटी भर सभेत उघड करणारे संशोधक विरळा. सही तीन महिने पुढे गेली, एवढंच. दशरथच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला. निवृत्तीला आठ महिने होते. वस्तीने बोअरवेलला कुलूप घातलं. टँकर पुन्हा एक दिवसाआड येऊ लागला आणि एकशे चाळीस पायऱ्यांवर पुन्हा हंडे चढू लागले. पाटीवर निलेशने काळा रंग फासला. दिशाला कणकवलीला माहेरी पाठवलं. भाऊबिजेला सुबोधने पाटावर बसून वर्तमानपत्रातलं कात्रण बघितलं आणि विचारलं, शिसं म्हणजे ते पेन्सिलीतलं का?

दशरथ रोज सकाळी सरांच्या टेबलावर पाण्याचा पेला ठेवी, चोवीस वर्षं ठेवत आला तसाच. सर पाणी कुठलं ते विचारत नसत. विचारलं असतं तर दशरथने सांगितलंही असतं. तो बाहेर गेला की ते पेला बेसिनमध्ये ओतत, आणि ओततानाचा आवाज होऊ नये म्हणून आधी नळ सोडत.

डिसेंबरमध्ये सही झाली. त्या दुपारी दशरथ पेढ्यांचा पुडा घेऊन आला. सरांना वाटलं, यंत्राचे.

"नातू झाला," तो म्हणाला. "परवा."

"वा. तब्येत?"

"वजन कमी आहे म्हणतात. रक्त तपासायला पाठवलंय मुंबईला. ते येऊ दे, मग बारसं ठेवू."

सरांनी पेढा घेतला. दशरथ गेल्यावर तो टेबलावर कागदावर ठेवून ते बघत बसले. मग सवयीने उजवा हात उघडला. नाव लागलं होतं. किल्ली राहिली होती. गाडीची जागा होती. सुबोधनेही प्रश्न बदलला होता. चारही बोटं भरली. आणि आता त्यासाठी कुणी काय दिलं ते मोजायचं, तर एका बोटावर लाल शेरा येत होता, एकावर पायऱ्या, एकावर कणकवलीची वाट. स्वतःच्या नावावर घालायला त्यांनी खूप शोधलं, तेव्हा एक न प्यालेला पेला सापडला. चार झाली.

अंगठा त्या शुक्रवारपासून मोकळा होता. त्यावर कोण, हे त्यांना ठाऊक होतं. त्याला अजून नाव ठेवलेलं नव्हतं.